कामगार वस्तीतील मुलांचे अभ्यासवर्ग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या ह्या व्यासपीठांवर बहुधा विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, असा रिवाज आहे. तो वाईट नाही. आमचे निम्मे शिक्षण त्या मागच्या रांगेतच झाले. उरलेले निम्मे गेटमीटिंगमध्ये, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. चालकांनी आज आम्हांला पुढे बोलाविले, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो आणि विषयाला हात घालतो.

आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. युनियनच्या कामातली आम्ही चारपाच माणसे मिळून दर रविवारी सकाळी दोन तास तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा एक वर्ग चालवितो. मुले अंबरनाथची, बदलापूरची, उल्हासनगरच्या कॅम्पांतली. वर्गात तीनच गोष्टी होतात : वाचणे, लिहिणे आणि इतिहास. परीक्षा नाही, गुण नाहीत, फी नाही. शेजारीपाजारी विचारतात, ‘ही कसली शिकवणी?’ ही शिकवणी नव्हेच. शिकवणी मुलाला पेपरातल्या प्रश्नाचे उत्तर देते. आमच्या वर्गात मुलाने स्वतः प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असते. कामगार चळवळीत अशा बैठकीला ‘अभ्यासवर्ग’ म्हणतात. तोच जुना शब्द आम्ही ठेवला आहे.

युनियनच्या माणसांनी पगारवाढ, बोनस, ठेकेदारी हे सोडून मुलांच्या वाचन-लेखनाच्या मागे का लागावे, असा प्रश्न आमच्याच सभासदांनी आम्हांला केला होता. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

एक मुलगा दहावी झाला, अठरा पुरी होताच एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. लागतेवेळी त्याच्याकडून चार कागदांवर सह्या घेतल्या. त्यांतला एक कोरा होता. दोन वर्षांनी त्याला घरी बसविले आणि तो जाब विचारावयास गेला, तेव्हा त्याच्याच सहीचा राजीनामा त्याच्यापुढे ठेवण्यात आला. ‘सही तुझीच ना?’ ‘होय, माझीच.’ झाले! वकिलाने कितीही कायदा काढला तरी त्या ‘होय’ला ओलांडून जाणे फार कठीण. हा मुलगा निरक्षर नव्हता. मराठीत त्याला चांगले गुण होते, पावसाळ्यावरचा निबंध तोंडपाठ होता. परंतु आपल्यापुढे आलेला कागद आधी वाचावयाचा असतो, कोऱ्या कागदावर सही करावयाची नसते आणि ‘मी हे घरी नेऊन वाचतो’ असे म्हणता येते, हे दहा वर्षांत त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुसरा प्रकार ह्याहून नित्याचा. कामगाराला आरोपपत्र मिळते. ठरलेल्या मुदतीत खुलासा द्यावयाचा असतो. त्याला लिहिता येते, पण लिहिण्याची सवय नाही. मग तो कोणाकडून तरी दोन ओळी लिहून घेतो : ‘साहेब, चूक झाली, एक वेळ माफी असावी.’ त्याला वाटते आपण नम्रपणा दाखविला. चौकशी अधिकारी त्याच दोन ओळींना कबुलीजबाब समजतो. त्या रात्री पाळीवर नेमके काय घडले, यंत्र कधी बंद पडले, कोणाला कळविले, हे त्याने दहा साध्या वाक्यांत लिहिले असते तर पुष्कळदा त्याची नोकरी वाचली असती. वर्षानुवर्षे अशी प्रकरणे हाताळल्यावर आमच्या ध्यानात आले, की आम्ही जे चौकशीच्या खोलीत शिकवू पाहतो, ते तिथे शिकविण्याची वेळ टळून गेलेली असते. ते पंधराव्या वर्षी शिकविले पाहिजे.

आणि हा प्रश्न केवळ आमच्या वस्तीचा आहे असेही नाही. २०२३ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १८ वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली गेली. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या प्रदेशभाषेतील दुसरीच्या इयत्तेचा उतारा सलग वाचता आला नाही. त्या वयाची बहुसंख्य मुले शाळा-महाविद्यालयांच्या पटावर असताना ही स्थिती. पटावर नाव असणे आणि वाचता येणे ह्यांत किती अंतर असू शकते, हे ह्यावरून समजावे.

आता वर्गात आम्ही काय करतो ते क्रमाने सांगतो. आपल्यापैकी कोणास असा वर्ग काढावासा वाटला तर उपयोगी पडेल.

प्रथम वाचन. घरात जे कागद येतात तेथून आम्ही प्रारंभ करतो : विजेचे बिल, शिधापत्रिका, सोसायटीची नोटीस, वडिलांची पगारपावती. पगारपावती ही सोपी वाटते, पण तिच्यात सबंध अर्थशास्त्र आहे. मूळ पगार कोणता, महागाई भत्ता कशाला म्हणतात, भविष्यनिर्वाह निधीची कपात कोणाच्या नावावर जमा होते? हा निधी १९५२ च्या कायद्याने आला. कामगाराच्या कपातीबरोबर मालकानेही आपला वाटा भरावयाचा असतो. एकदा एका मुलीने पावती उलटसुलट करून विचारले, ‘कपात दाखविली आहे, पण खाते क्रमांकाची जागा रिकामी का?’ हा प्रश्न तिच्या वडिलांना सहा वर्षांत सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कचेरीत विचारला.

मग एकाच घटनेची बातमी दोन वर्तमानपत्रांतून वाचावयाची आणि दोहोंत काय सारखे, काय निराळे, कोणाचे म्हणणे छापले, कोणाचे गाळले, ह्याची यादी करावयाची. आज मुलांच्या हातातल्या फोनवर दिवसाकाठी शंभर मजकूर येऊन पडतात. त्यांतला खरा कोणता हे ओळखण्याची ह्याहून चांगली तालीम आम्हांला माहीत नाही.

पण माणूस पगारपावतीवर जगत नाही. म्हणून वर्गाचा शेवटचा अर्धा तास कथा-कादंबरीचा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, दोन पाने झाली की पुस्तक पुढच्या हाती. अण्णा भाऊ साठे ह्यांची १९५९ सालची ‘फकिरा’ आम्ही अशी पुरी केली. हे लिहिणारा माणूस शाळेत जेमतेम दीड दिवस गेला होता असे सांगतात, हे ऐकून मुले एकमेकांकडे पाहू लागली. नारायण सुर्वे गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविलेले मूल. तेही आमच्या मुलांना दूरचे वाटत नाहीत.

वाचणाऱ्या मुलाला एक वडीलधारा वाचक भेटला तर काय होते, ह्याचे मुंबईतले उदाहरण प्रसिद्ध आहे. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. प्रत्येक मूल आंबेडकर होणार नाही हे आम्हांलाही समजते. पण बागेतल्या बाकावर बसावयास केळुसकरांना काही खर्च आला नव्हता, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

दुसरे लेखन. ह्या बाबतीत महाराष्ट्राला फार मोठी परंपरा आहे आणि ती आपण विसरलो आहो. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी शेतकरी-कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राने छापला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. तीन वर्षांच्या शिक्षणावर त्या मुलीने आपल्या लोकांचे गाऱ्हाणे साऱ्या समाजापुढे मांडले. तिला कोणी ‘वसंत ऋतूचे वर्णन कर’ म्हणून सांगितले असते, तर तो निबंध कधीच कुठे हरवून गेला असता. मुलाला जे ठाऊक आहे त्यावर त्याला लिहू द्यावे, हे तत्त्व पुण्यात पावणेदोनशे वर्षांमागे सिद्ध झाले आहे.

लिहिण्याची रीत मात्र आम्ही दूरच्या एका शाळेकडून घेतली. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरी खेड्यात लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या नापास मुलांची शाळा चालविली. त्या शाळेतल्या मुलांनी मिळून १९६७ साली एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ ह्या नावाने आले आहे. त्यांची पद्धत सुताराच्या कामासारखी सरळ आहे. सुचेल ते प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहावयाचे, एका चिठ्ठीवर एकच विचार. सगळ्या चिठ्ठ्या पसरून सारख्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या करावयाच्या. गड्ड्यांना क्रम लावावयाचा. मग फालतू शब्द छाटावयाचे, लांब वाक्ये तोडावयाची. शेवटी बाहेरच्या कोणाला तरी ते वाचून दाखवावयाचे आणि त्याला कळले नाही तर दोष आपला समजावयाचा.

आमच्या मुलांनी ह्या रीतीने पहिला अर्ज लिहिला तो नळाच्या पाण्याबद्दल. सात चिठ्ठ्यांवर ‘पाणी येत नाही’ एवढेच होते. एका मुलाच्या चिठ्ठीवर मात्र होते : ‘आई पहाटे चारला उठते, पाणी पावणेपाचला येते, पाच वाजून दहा मिनिटांनी जाते.’ सगळ्यांनी मिळून ठरविले, की अर्जाची सुरुवात हीच. वाळवी लागलेली विशेषणे गेली आणि मिनिटे राहिली. चांगला खुलासा, चांगली साक्ष आणि चांगले गद्य ही तिन्ही एकाच विहिरीचे पाणी पितात, हे आम्हांला त्या दिवशी पुन्हा पटले.

भाषेची अडचण आहे. आमच्या वर्गात कोणाच्या घरी आगरी बोली, कोणाच्या घरी सिंधी, कोणाकडे हिंदी वा तेलुगू. आम्ही सांगतो, पहिली चिठ्ठी घरच्या बोलीत लिहा. विचार आधी पायांवर उभा राहू द्या. त्याला प्रमाण मराठीचा सदरा मागाहून चढविता येतो.

तिसरा विषय इतिहासाचा, आणि ह्याविषयी थोडे सविस्तर बोलावेसे वाटते. कारण आपल्या तिन्ही गावांवर एक आरोप असतो, की ही गावे उपऱ्यांची आहेत, लोकलच्या डब्यातून उतरून झोपावयास येणाऱ्यांची आहेत, ह्यांना इतिहास कसला? २०११ च्या जनगणनेत तिन्ही गावे मिळून सव्वानऊ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. एवढ्या माणसांना इतिहास नसेल तर मग तो आहे कोणाला?

अंबरनाथच्या शिवमंदिरापासून आरंभ करू. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, असे आजी सांगते. देवळातला शिलालेख शिलाहार राजा माम्वाणि आणि त्याचे अधिकारी ह्यांची नावे सांगतो आणि शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष देतो. आम्ही मुलांना आजीची थट्टा करू देत नाही. ‘आजी काय सांगते आणि दगड काय सांगतो, दोन्ही लिहून घ्या’ असे म्हणतो. गंमत अशी, की ह्या लेखातला शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखविले. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले! विद्वानांचे वाचनही तपासावे लागते, ही गोष्ट मुलांना फार आवडते. मग आम्ही विचारतो, राजाचे नाव आहे, अधिकाऱ्यांची आहेत. पण हे काळे दगड वाहून आणणारे, त्यांवर छिन्नी चालविणारे शेकडो हात होते, त्यांचा हजेरीपट कुठे आहे? हा प्रश्न युनियनच्या माणसाचा खरा, परंतु इतिहासालाही तो शोभतो.

देवळाच्या कडेने वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. आम्ही मुलांना तिच्या काठाने चालवितो आणि जागोजाग म्हाताऱ्या माणसांना विचारावयास सांगतो : येथे तुम्ही पोहत होता काय? मासे कधीपर्यंत मिळत होते? पाण्याचा रंग कधी पालटला? उत्तरे वहीत उतरतात. हाही इतिहासच, आणि उद्या कोणी नदीसाठी दाद मागेल तेव्हा ही वही कामास येईल.

उल्हासनगर हे तर स्वातंत्र्याबरोबर जन्मलेले गाव. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. पाच कॅम्पांचे आकडे आजही लोकांच्या पत्त्यात आहेत. आमच्या वर्गातली कॅम्पातली एक मुलगी पणजोबांच्या पेटीतले कागद घेऊन आली. तिला ते वाचता येईनात. कारण पणजोबांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, आणि तिला येते नागरी आणि इंग्रजी. १९६७ साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, पण घरातल्या पेटीतून ती बाहेर पडू शकली नाही. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी कागद वाचून दाखविले. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या मागणीचे ते कागद होते. १९५० च्या कायद्याने निर्वासितांचे असे दावे नोंदविले गेले होते. किती खोल्या, किती जमीन, कोणत्या बाजूला कोणाचे घर, सगळे त्यात होते. ते ऐकताना मुलीने आपल्या घराचा पहिला नकाशा काढला. ते गृहस्थ आणखी किती वर्षे आपल्यात असतील? त्यांच्यामागे त्या पेट्या कोण वाचणार? बंधुभगिनींनो, आमची घाई आहे ती एवढ्यासाठी.

कारखान्यांचेही तसेच. विम्को ही कंपनी १९२३ साली निघाली आणि तिच्या आगपेट्यांच्या कारखान्याने अंबरनाथचे नाव देशभर पोचविले. तिच्यामागे भांडवल होते स्वीडनच्या आगपेटी कंपनीचे. आणि त्याच स्वीडनमध्ये १९७८ साली स्वेन लिंडक्विस्ट नावाच्या लेखकाने ‘जिथे उभे आहात तिथेच खणा’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि कामगारांना सांगितले, की आपल्या कारखान्याचा इतिहास आपणच शोधा. मालकाने लिहविलेल्या इतिहासात तुम्ही सापडणार नाही. स्वीडनची काडी आपल्याकडे आली; हा विचारही आणावयास हरकत नाही. आगपेट्या भरणाऱ्या, यंत्रांवर उभ्या राहिलेल्या पिढीतली माणसे अजून आपल्या शेजारी राहतात. गेट बंद होते, यंत्रे भंगारात जातात, जागेवर इमारती उठतात. पगारपावत्या, ओळखपत्रे, संपाची पत्रके तेवढी गादीखाली राहतात. तीही एक दिवस रद्दीवाला नेतो.

बदलापूरकडे रेल्वे १८५६ साली आली. परंतु मुलांना इतिहास जुनाच असतो असे वाटू नये, म्हणून आम्ही त्यांना जुलै २०१९ च्या पुराचे लिहावयास सांगितले. त्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्या दिवशी घरात पाणी कुठवर चढले, भिंतीवर खूण आहे काय, कोणी कोणाला जेवू घातले? मुलांना समजले, की आपणही इतिहासाचे साक्षीदार आहोत आणि साक्षीदाराने तारीख, वेळ नीट सांगावी लागते.

ह्यावर तीन आक्षेप येतात. पहिला, दहावीच्या मुलांना वेळ कुठे आहे? आठवड्यातले दोन तास. दुसरा, ह्याने गुण वाढतील काय? तशी हमी आम्ही देत नाही. पण जो स्वतःचे वाक्य लिहू लागला त्याला पाठ केलेल्या वाक्याचे भय राहत नाही. तिसरा आक्षेप थोडा दबक्या आवाजात येतो : युनियनवाले मुलांना लाल करतील! आमच्या वर्गात युनियनची पावती फाडली जात नाही आणि कोणत्याही पक्षाचे पत्रक वाटले जात नाही. ज्या मुलाला आम्ही दोन वर्तमानपत्रे ताडून पाहावयास शिकविले, तो उद्या आमचेही पत्रक ताडून पाहील. पाहू दे. तेवढी जोखीम आम्ही पत्करली आहे.

आता आपणांकडे मागणे. पैसा मागत नाही. युनियनवाल्याने पैसा मागितला नाही, असा प्रसंग विरळा, म्हणून मुद्दाम सांगतो. जागा हवी : रविवारी सकाळी कुलूप असलेल्या कचेऱ्या, समाजमंदिरे, सोसायटीची सभागृहे आपल्या तिन्ही गावांत पुष्कळ आहेत. माणसे हवीत : निवृत्त शिक्षक, फोरमन, पोस्टमन, बँकेतले कारकून, अरबी वळणाची सिंधी वाचू शकणारे वृद्ध. पुस्तके आहेतच, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि बदलापुरात श्याम जोशी ह्या शिक्षकाने ‘ग्रंथसखा’ उभे करून एका माणसाची जिद्द काय करू शकते ते दाखविले आहे. आणि कागद हवेत : आपल्या माळ्यावरच्या, पेटीतल्या कागदांना रद्दीत घालण्यापूर्वी एकदा एखाद्या मुलाला ते पाहू द्या.

एक विनंती चालकांना. पुढल्या वसंतात ह्या व्याख्यानमालेची एक संध्याकाळ मुलांना द्यावी. त्यांनी वर्षभरात शोधलेला आपल्या गल्लीचा, कॅम्पाचा, कारखान्याचा इतिहास त्यांनी येथे उभे राहून वाचावा, आणि आपण श्रोत्यांनी चुका दाखवाव्यात. त्या दिवशी आम्ही पुन्हा मागच्या रांगेत बसू.